घोणशीचं विष रक्त गोठवतं, मग चावल्यावर रक्त गोठायचं का थांबतं?

को_८६०३२

कराड तालुक्यातून लिहितोय. पंधरवड्यापूर्वी चुलत्यांना घोणस चावली. रात्रीची लाईट होती, खोडव्याला दारं धरायला गेले होते. हातात बॅटरी होती, पण पाय पाचटात पडला. आधी वाटलं काटा मोडला. बांधावर बसून बघतात तर दोन ठिपके, आणि घोटा बघता बघता भरत चाललेला. फुसफुस ऐकू आली होती, पण पाटाच्या पाण्याचा आवाज असेल म्हणून लक्ष दिलं नाही म्हणे.

घरातल्यांनी मांत्रिक-बिंत्रिक काढला नाही, सरळ दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी काकांचं रक्त काढून काचेच्या छोट्या नळीत घातलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मग माझंही रक्त काढून दुसऱ्या नळीत ठेवलं. मला कळेना माझं कशाला. वीस मिनिटांनी माझी नळी कलती केली तर गोळा जागचा हलला नाही. काकांची केली तर सगळं पाण्यासारखं काठापर्यंत आलं. हिरड्यांतूनही रक्त यायला लागलं होतं. 'विष चढलंय, एएसव्ही लावा', म्हणाले. एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, त्याच्या दहा व्हायल (छोट्या बाटल्या) लावल्या.

आता माझा गोंधळ असा. घरी आल्यावर वाचायला बसलो तर सगळीकडे लिहिलेलं, घोणशीच्या विषात रक्त गोठवणारी एन्झाइम असतात. गोठवणारी! मग काकांचं रक्त पातळ कसं झालं? दुसरं, एएसव्ही पूर्ण गेल्यावरही पुढची नळी तासाभरात न लावता सहा तासांनी लावली. तोवर आम्ही बाहेर जीव मुठीत धरून. आणि रक्ताचं सगळं ठीक झालं तरी पाय मांडीपर्यंत सुजलेला तो सुजलेलाच, आत्ता कुठे ओसरतोय. सूज आणि रक्त गोठणं हे एकच प्रकरण आहे की वेगवेगळं? डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही, बाहेर रांग होती. कोणी समजेल असं सांगेल का?

*

नुसताच_वाचक

काका बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. प्रश्न माझाही आहे. इथेच बसतो.

*

लॅबवाली

को_८६०३२, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. काचेची नळी वापरली आणि शेजारी नातेवाइकाची ठेवली, म्हणजे माणूस नीट शिकलेला आहे. तुमचं रक्त घेतलं ते यासाठी, की नळीच खराब असेल तर ती तुमच्या रक्तावर कळावी. तुमचंही गोठलं नसतं तर दोष नळीचा. तुमचं गोठलं, काकांचं नाही, म्हणजे दोष विषाचा.

मी कोकणात ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे घोणशीपेक्षा फुरशाचे पेशंट जास्त. पाऊस लागला की गवत कापताना, काजूखालचा पाला ओढताना, चिऱ्याच्या गडग्यात हात घालताना. फुरसं वीतभर-दीड वीत, त्यामुळे माणसं त्याला हसण्यावारी नेतात आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली की येतात. ही नळी मी इतक्यांदा कलती केली आहे की तुमचं वर्णन वाचताना मनगट आपोआप वळलं.

आता मूळ प्रश्न. रक्त गोठवायला लागणारं सामान रक्तात चोवीस तास फिरत असतं, पण झोपलेलं. यकृत ही प्रथिनं बनवतं. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि नंबर असतात. त्यातली बरीचशी एन्झाइमच, पण निष्क्रिय रूपातली. एकाने पुढच्याला ठरलेल्या जागी कापलं की ते जागं होतं, ते त्याच्या पुढच्याला कापतं. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे छोटे तुकडे छाटतं, आणि उरलेला भाग एकमेकाला चिकटून फायब्रिनचे धागे होतात. तुमच्या नळीतला गोळा म्हणजे या धाग्यांत अडकलेल्या रक्तपेशी.

विळा लागला की हे सगळं जखमेपुरतं घडतं आणि तिथेच थांबतं. थांबवणारीही प्रथिनं असतात, अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी वगैरे. घोणशीचं विष काय करतं, तर त्यातलं एक एन्झाइम थेट फॅक्टर दहाला कापतं. गंमत म्हणजे आपलं शरीर त्याला जिथे कापतं, बरोबर त्याच जागी! दुसरं एन्झाइम फॅक्टर पाचला जागं करतं. आमच्या फुरशाच्या विषातलं एकॅरिन तर आणखी पुढचं, ते मधल्या पायऱ्या सोडून सरळ प्रोथ्रॉम्बिनलाच, म्हणजे थ्रॉम्बिनच्या झोपलेल्या रूपालाच, हात घालतं. म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरंच आहे, विष गोठवणारंच आहे. फक्त ते जखमेपुरतं न राहता विष पोचेल तिथे सगळीकडे एकदम काम सुरू करतं. धागे बारीक बारीक तयार होतात आणि प्लाझ्मिन नावाचं आपलंच दुसरं एन्झाइम ते तोडत सुटतं. फायब्रिनोजेन निरोगी माणसात १०० मिलिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं, ते काही तासांत संपून जातं.

तुम्ही उसातले म्हणून सांगते. कारखान्याने एका रात्रीत सगळ्या कार्यक्षेत्रातला ऊस गाळून टाकला, तर सकाळी यंत्रं ठीक, कामगार हजर, पण गव्हाणीत टाकायला मोळी नाही. काकांचं रक्त 'पातळ' झालं नव्हतं, त्यातला माल संपला होता. त्यात या विषात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडणारी एन्झाइमही असतात. भिंत फुटली आणि बुजवायला माल नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त.

सहा तासांचं कोडंही यातच आहे. एएसव्ही विषाला धरतं, त्याचं काम बंद पाडतं. गेलेलं फायब्रिनोजेन ते आणत नाही. ते यकृताने नव्याने बनवायचं, आणि त्याला वेळ लागतो. विष पूर्ण धरलं गेलं असेल तर साधारण ३ ते ९ तासांत नळीत गोळा दिसायला लागतो. तासाभरात नळी लावली तर ती वाहणारच, आणि घाबरून लोक उगाच आणखी व्हायल लावतात.

दहाच व्हायल का, हेही सांगून टाकते. आपल्याकडच्या एएसव्हीचा १ मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. व्हायल १० मिलिलिटरची. दहा व्हायल म्हणजे ६० मिलिग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असं धरतात. म्हणून सुरुवात ८ ते १० ने. आणि लहान पोरालाही तेवढ्याच, कारण घोणस समोरचा लहान आहे म्हणून विष कमी सोडत नाही.

सुजेचं उद्या लिहिते. चष्मा लावूनही आता अक्षरं नाचायला लागली.

*

को_८६०३२

ताई, मोळी-गव्हाणीचं उदाहरण घरात वाचून दाखवलं. काका खाटेवरून म्हणाले, 'एवढं डॉक्टरनं सांगितलं असतं तर मी निम्मा तिथंच बरा झालो असतो.' सुजेची वाट बघतो. आणि काचच का, प्लॅस्टिकची नळी का चालत नाही, तेही सांगा. आमच्या शेजारच्या गावातल्या एका दवाखान्यात प्लॅस्टिकच्या बाटलीत करतात असं ऐकलं.

*

माळावरचा

इतका खटाटोप कशाला? आमच्याकडे एक जण झाडपाला देतात, दंशाच्या जागी ब्लेडने चिरा देऊन विष काढतात. बहुतेक बरे होतात. शास्त्र शास्त्र म्हणून गावठी ज्ञान मोडीत काढू नका.

*

लॅबवाली

माळावरचा, बहुतेक बरे होतात कारण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा कोरडा चावा घेतो, म्हणजे विष सोडतच नाही. त्याचं श्रेय झाडपाल्याला जातं. पण ज्याच्या रक्तातलं फायब्रिनोजेन संपलंय त्याच्या पायावर ब्लेड फिरवलं तर ती चीर बंद कशाने व्हायची? अशी चीर दिलेला फुरशाचा एक पेशंट मी पाहिला आहे. धोतर भिजलं होतं आणि बाकड्याखाली थारोळं होतं. या विषयावर माझ्याकडून एवढंच.

आता काच. को_८६०३२, हा माझा आवडीचा प्रश्न आहे.

काचेचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा असतो. त्याला रक्त लागलं की फॅक्टर बारा जागा होतो आणि तिथून साखळी सुरू होते. साध्या प्लॅस्टिकवर तसं नीट होत नाही, त्यामुळे ठणठणीत माणसाचं रक्तही वीस मिनिटांनी वाहताना दिसू शकतं. आणि काच असली तरी साबणाने धुतलेली नको. साबणाचा अंश राहिला की काचेचा हा गुणच जातो. आमच्याकडे नवीन आलेली मुलं हौसेने नळ्या घासून पालथ्या घालायची. मी त्यासाठी नव्या कोऱ्या, कोरड्या नळ्यांचा डबा वेगळा ठेवून त्यावर लाल पेनाने 'साप' लिहिलं होतं. नळीत २ मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं टेबलाला धक्का नाही, मग एकदाच कलती करायची. मध्ये हलवून बघायचं नाही. नातेवाइकांना हेच जमत नाही.

फॅक्टर बाराची गोष्ट मोठी मजेशीर आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडला जॉन हेजमन नावाचा रेल्वेतला ब्रेकमन होता. १९५३ मध्ये शस्त्रक्रियेआधी त्याचं रक्त तपासलं तर काचेच्या नळीत ते गोठेचना. डॉक्टर हादरले. पण गडी तर म्हणे आयुष्यात कधी जास्त रक्त गेलं नाही, दात काढले तेव्हाही नाही. ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९५५ मध्ये लिहिलं, की याच्या रक्तात एक घटकच नाही. तोच पुढे हेजमन फॅक्टर, म्हणजे फॅक्टर बारा. आणि पुढचं ऐका. हा माणूस १९६८ मध्ये गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून! कामावर अपघात होऊन कटिभागाचं हाड मोडलं होतं, अंथरुणात पडून होता. नळीत ज्याचं रक्त गोठत नव्हतं, त्याला गुठळीने नेलं.

मग शरीरात हा फॅक्टर बारा करतो तरी काय? इथेच तुमची सूज येते. तो जागा झाला की आणखी एक एन्झाइम जागं करतो, कॅलिक्रीन. कॅलिक्रीन रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनातून ब्रॅडिकिनिन नावाचा एवढासा तुकडा कापून मोकळा करतं. तुकडा नऊ अमिनो आम्लांचा, पण करामत मोठी. रक्तवाहिन्या सैल पडतात, भिंतीतल्या फटी रुंदावतात, पाणी बाहेर झिरपतं आणि दुखायला लागतं. सूज म्हणजे दुसरं काय असतं? आणि हा तुकडा सापडला तोही सापाच्या विषामुळेच. १९४०च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जराराका सापाचं विष रक्तात मिसळून बघितलं तेव्हा.

काकांच्या पायात हे एकटंच नव्हतं. घोणशीच्या विषात फॉस्फोलिपेज ए२ हे एन्झाइम भरपूर असतं. ते पेशींच्या आवरणातली चरबी तोडतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात, म्हणजे आणखी सूज, आणखी वेदना. वर रक्तवाहिन्या कुरतडणारी एन्झाइम आहेतच. हे नुकसान दंशाच्या जागी पहिल्या तासांतच होऊन जातं. एएसव्ही शिरेतून जातं, रक्तातलं विष धरतं, पण पायात झालेलं नुकसान उलटं फिरवू शकत नाही. म्हणून रक्त ताळ्यावर आलं तरी पाय आपल्या गतीने उतरतो. एकच प्रकरण की वेगळं, असं विचारलंत ना? मुळाशी एकच. हिशेब मात्र दोन जागी होतो, एक रक्तात आणि एक पायात.

*

निवृत्त_बँकर

विषयांतर होतंय, पण ब्रॅडिकिनिन हे नाव मी माझ्या फिजिशियनकडून ऐकलंय. मला बीपीसाठी रामिप्रिल दिलं होतं, तेव्हा कोरडा खोकला लागला. रात्रभर खॉक खॉक, सौ. दुसऱ्या खोलीत झोपायला गेल्या. डॉक्टर म्हणाले ब्रॅडिकिनिन साठतंय, आणि गोळी बदलली. याचा सापाशी संबंध आहे?

आणखी एक. दाढ काढली तेव्हा सूज उतरायला सेराशिओपेप्टिडेजची गोळी दिली होती. तीही एन्झाइमच. मग काकांना का देत नाहीत?

*

एमडी_होतोय

पुण्यात मेडिसिनला रेसिडेंट आहे, ड्युटी संपवून लिहितोय. लॅबवाली ताई, तुमचा लाल पेनाचा डबा आमच्या कॅज्युअल्टीत हवा होता.

निवृत्त_बँकर काका, संबंध थेट आहे. ब्रॅडिकिनिनला तोडणारं एक एन्झाइम शरीरात असतं, एसीई. त्याच जराराका सापाच्या विषात हे एन्झाइम अडवणारे छोटे पेप्टाइड सापडले, त्यांच्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध बेतलं गेलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तुमचं रामिप्रिल त्याच घराण्यातलं. एसीई अडवल्यावर बीपी उतरतं, पण ब्रॅडिकिनिन मोडायचं राहतं, ते घशात-श्वासनलिकेत साठतं आणि खोकला लागतो. क्वचित कोणाचे ओठ-जीभ सुजतात, ती मात्र इमर्जन्सी. असं झालं असेल तर हा गट पुन्हा कधीच घ्यायचा नाही.

सेराशिओपेप्टिडेजचं म्हणाल तर आपल्याकडे दाढेपासून मोचेपर्यंत सर्रास लिहितात. जपानमध्ये ते वर्षानुवर्षं विकलं जात होतं. औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीशी तुलना करून पाहिलं तर फरक दिसला नाही, म्हणून कंपनीने स्वतःच २०११ मध्ये ते मागे घेतलं. ज्याच्या रक्तात आधीच कापाकापी चालू आहे त्याला आणखी एक कापणारं एन्झाइम कशाला द्यायचं?

मूळ धाग्याकडे येतो. ताईंनी एक बाजू सांगितली, मी उलटी सांगतो, कारण ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कोविडमधला डी-डायमर आठवतो? २०२१ च्या दुसऱ्या लाटेत लोक व्हॉट्सॲपवर बाकी काही न लिहिता नुसता डी-डायमरचा आकडा पाठवायचे. फायब्रिनच्या पक्क्या विणलेल्या धाग्याचे प्लाझ्मिनने तुकडे केले की जे उरतं ते डी-डायमर. काकांचा तपासला असता तर तोही भलताच वाढलेला आला असता. पण दोन्हीकडे वाट उलटी आहे. सर्पदंशात आधी गोठण्याचं यंत्र पेटतं. कोविडमध्ये आधी दाह पेटतो आणि तो गोठण्याला ओढून आणतो. दाहाच्या संदेशांनी चवताळलेल्या पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर टिश्यू फॅक्टर काढतात, तिथून साखळी सुरू. न्यूट्रोफिल तर स्वतःचा डीएनए बाहेर फेकून जाळं टाकतात (हे २००४ मध्ये कळलं), आणि त्या जाळ्यावर इलास्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते गोठणं आवरणाऱ्या प्रथिनाचाच काटा काढतं. फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात त्या अशा.

मधला दुवा थ्रॉम्बिन आहे, आणि मला व्यक्तिशः हे रक्तातलं सगळ्यात दुतोंडी एन्झाइम वाटतं. ते फायब्रिनोजेन कापतं हे सगळ्यांना माहीत. पण प्लेटलेटवर आणि रक्तवाहिनीच्या अस्तरावर पार-१ नावाचा एक रिसेप्टर असतो, तो १९९१ मध्ये सापडला. थ्रॉम्बिन त्याचंही टोक कापतं, आणि त्या कापण्यानेच अस्तर जागं होऊन पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा करून देतं. म्हणजे गोठवणारंच एन्झाइम दाह वाढवतं. तेच थ्रॉम्बिन अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला बांधलं गेलं की पक्ष बदलतं. प्रोटीन सी जागं करतं, गोठणं आवरतं आणि दाहही शमवतं. हे कळल्यावर सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं अंग बिघडतं त्यासाठी, जागं केलेलं प्रोटीन सी औषध म्हणून आणलं, २००१ मध्ये मंजूरही झालं. मोठ्या आशा होत्या. पुढच्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत आणि २०११ मध्ये तेही बाजारातून गेलं. आमचे सर शिकवताना इथे नेहमी थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात.

*

नुसताच_वाचक

एक शंका. कोविडमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात हेपारिनचं इंजेक्शन द्यायचे. मग घोणस चावली की लगेच हेपारिन दिलं तर फायब्रिनोजेन संपायच्या आधीच साखळी थांबणार नाही का?

*

एमडी_होतोय

चांगला प्रश्न, आणि हा प्रयोग पूर्वी लोकांनी करून पाहिला आहे. फायदा दिसला नाही. हेपारिन अँटिथ्रॉम्बिनला जोर देतं, पण विषातलं एन्झाइम ते थांबवत नाही. पेशंट आपल्यापर्यंत येईतो माल बहुतेक संपलेला असतो. वर रक्तस्रावाचा धोका वाढवून ठेवायचा. म्हणून मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय, हेपारिन नको. विष धरणारं एएसव्हीच. प्लाझ्मा चढवण्याचंही तसंच. विष निकामी व्हायच्या आधी चढवला तर नव्या फायब्रिनोजेनचाही तोच फडशा.

*

लॅबवाली

डॉक्टर, तुमच्या सरांना सांगा, खिडकीबाहेर बघायची गरज नाही, घोणशीने लॅबचं पुष्कळ भलं केलंय. १९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी तिचं विष दहा हजार पट पातळ करून हिमोफिलियाच्या (जन्मतःच रक्त नीट न गोठण्याचा आजार) रुग्णांच्या वाहत्या जखमेवर वरून लावलं, तर रक्त थांबलं. बार्नेट तिथल्या प्राणिसंग्रहालयात सापांचे प्रमुख होते, त्यामुळे विषाला तोटा नव्हता. याच मॅकफार्लेननी १९६४ मध्ये एकामागून एक एन्झाइम जागं होण्याची ही साखळी मांडली. त्याच वर्षी डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीही तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. रॅटनॉफ म्हणजे आपले हेजमनवालेच.

आणि आजही ज्या बाईचे गर्भ वारंवार पडतात तिच्या रक्ताची जी तपासणी करतात, लुपस अँटिकोॲग्युलंटची, त्या किटमध्ये घोणशीचंच विष असतं, पातळ केलेलं. आमच्या फुरशाचं एकॅरिनही काही रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम मोजायला वापरतात. इतकी वर्षं मी ज्याच्या नावाने बोटं मोडली ते बाटलीत बसून कामाला लागलंय.

*

को_८६०३२

सगळ्यांचे आभार. पण आता नवीन. कालपासून काकांना अंगात कसकस आहे, ताप शंभरच्या वर, दोन्ही गुडघे आणि मनगटं धरलीयत, पाठीवर पित्त उठल्यासारखे फोड. चुलती म्हणतात विष अजून अंगात आहे. परत एएसव्ही लागेल का?

*

एमडी_होतोय

दंशाला पंधरवडा झालाय ना? मग हे विष नसावं, बहुतेक एएसव्हीचीच उशिरा आलेली प्रतिक्रिया आहे, सीरम सिकनेस. एएसव्ही म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. साधारण पाच ते चौदा दिवसांत आपलं शरीर त्यांच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं बनवतं. दोन्हींची जोडगोळी होऊन सांध्यांत, त्वचेत अडकते आणि तिथे कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली आणखी एक एन्झाइमची साखळी पेटते. म्हणजे या वेळी दाह विषाचा नाही, औषधाचा. परत एएसव्ही अजिबात नको.

पण अंदाजावर घरी थांबू नका, आजच दाखवा. बहुतेकांना अँटिहिस्टामिनवर आराम पडतो, नाही पडला तर थोडे दिवस स्टिरॉइड देतात. ते डॉक्टर ठरवतील. दंशाचे आणि एएसव्हीचे कागद सोबत न्या. दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, घोणशीच्या दंशानंतर मूत्रपिंडाची खात्री झाल्याशिवाय ती जोखीम नको. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. लघवी किती होते तेही विचारतील, तर आजपासून मोजा.

आणि एक लक्षात असू द्या. घोणशीच्या विषाने क्वचित मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीलाही रक्तस्राव किंवा गुठळीमुळे इजा होते, ती कधी कधी महिन्यांनी कळते. काका पुढे फार थकल्यासारखे झाले, बीपी सतत कमी राहिलं, थंडी सोसेना, तर दंशाचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे ते हार्मोन तपासतील.

*

लॅबवाली

लघवी मोजायला घरात खूण केलेली बाटली नसेल तर एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली घ्या आणि मेडिकलमधून आणलेल्या मापाने पेनाच्या खुणा करा. रंगही लिहून ठेवा. चहासारखा काळपट झाला तर रात्र असो की दिवस, गाडी काढायची.

*

को_८६०३२

दाखवून आलो. डॉक्टर सीरम सिकनेसच म्हणाले, गोळ्या सुरू केल्यात. क्रिएटिनिन १.१ आहे. चुलतीने बाटलीवर खुणा करून ती संडासाच्या खिडकीत ठेवलीय आणि काका तिच्याकडे बघून वैतागतात. दारं धरायला आता मी जातो, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून.